दोन देशांत पसरलेलं तळं: नॉयझीडलर झे नीट बघायचं असेल तर

पहिल्या दोन खेपांना मी नॉयझीडलर झेला गेले आणि काहीही न बघता परत आले. व्हिएन्नाहून सकाळी निघाले, पोडर्सडॉर्फच्या किनाऱ्यावर दोन तास बसले, गढूळ पाणी आणि पाल उभारलेल्या होड्या बघितल्या, संध्याकाळी घरी. "एवढं काय आहे त्यात," असं मी तेव्हा मैत्रिणींना सांगितलंही होतं. तिसऱ्या वेळी बाबा सोबत होते. ते निफाडचे, नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात दर हिवाळ्यात जाणारे. त्यांनी पाण्याकडे पाठ केली आणि विचारलं, "काठाची दलदल कुठे आहे? पक्षी तिथे असतील." तिथून पुढे हे तळं मला दिसायला लागलं.

त्यानंतर दरवर्षी तीन-चार वेळा तरी जाते, आणि भारतातून येणाऱ्या बहुतेक पाहुण्यांना घेऊन जाते. दर वेळी तेच प्रश्न येतात आणि त्याच चुका होताना दिसतात. म्हणून हे सगळं एकदा क्रमाने लिहून ठेवते आहे.

## १. आधी हे तळं कसलं आहे ते समजून घ्या

ऑस्ट्रियाच्या पूर्व टोकाला, बुर्गेनलांड प्रांतात हे तळं आहे. दक्षिणेकडचा भाग हंगेरीत. जर्मनमध्ये "झे" म्हणजे तळं. हंगेरियन लोक त्यालाच "फेर्तो" म्हणतात, आणि त्या शब्दाचा अर्थ दलदल. माझ्या मते हेच नाव जास्त खरं आहे. उत्तर-दक्षिण सुमारे ३६ किलोमीटर लांबी आणि साधारण ३२० चौरस किलोमीटर पसारा, पण त्यातला निम्म्याहून जास्त भाग बोरूच्या दाट बेटांनी व्यापलेला. खोली कुठेही दोन मीटरच्या वर नाही. नैसर्गिकरीत्या पाणी बाहेर जायला वाट नाही. येतं ते मुख्यतः पावसाचं, जातं ते वाफ होऊन. म्हणून पाणी किंचित खारं आहे. १८६५ च्या सुमारास हे अख्खं तळं आटलं होतं आणि पुढची काही वर्षं कोरडंच राहिलं.

आपल्याकडे लोणार बघितलेल्यांना ही गोष्ट लगेच कळते: बाहेर जायला वाट नसलेलं पाणी, त्यात साठत गेलेला सोडा. फरक इतकाच की लोणार एका खोल विवरात आहे, हे तळं सपाट मैदानावर ताटातल्या आमटीसारखं पसरलं आहे. वारा सुटला की पाणी एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे सरकतं. तळाची बारीक माती वर येते आणि पाणी राखाडी दिसतं. ते घाण नाही, पोहायला काही हरकत नाही.

संरक्षणाची व्यवस्था दोन देशांत दोन नावांनी आहे. ऑस्ट्रियात नॉयझीडलर झे–झेविंकल राष्ट्रीय उद्यान, हंगेरीत फेर्तो-हान्शाग राष्ट्रीय उद्यान. २००१ साली दोन्हीकडचा परिसर मिळून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. पक्ष्यांना सीमा कळत नाही, पण तुम्हाला कळावी लागेल, कारण नियम दोन देशांचे आहेत.

## २. कधी जायचं

पक्षी बघायचे असतील तर एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत. स्थलांतर करून आलेले पक्षी, घरटी, पिल्लं, सगळं याच काळात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हजारो रानहंस संध्याकाळी तळ्यावर उतरतात. तो आवाज एकदा तरी ऐकावा असाच आहे.

जुलै-ऑगस्ट मी टाळते. डास भरपूर असतात, खोल्या महाग होतात, पश्चिम काठावरच्या म्योर्बिश गावात तळ्यावरच्या रंगमंचावर संगीतिकांचा हंगाम असतो आणि आजूबाजूचे मुक्काम भरलेले असतात. शिवाय उन्हाने लहान तळी आटतात. २०२२ च्या उन्हाळ्यात मोठ्या तळ्याची पातळी इतकी खाली गेली की होड्या चिखलात रुतल्या, आणि झांक्ट आंड्रे गावाजवळचं झिकझे पूर्ण कोरडं पडलं. मुलांना पाण्यात खेळायचंच असेल तर जूनचा पहिला पंधरवडा बरा.

## ३. कागदपत्रं

इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात. ऑस्ट्रिया आणि हंगेरी दोन्ही शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहेत, त्यामुळे एकच शेंगेन व्हिसा पुरतो. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असला तरी ऑस्ट्रियातून हंगेरीत जाऊन परत येता येतं, कारण तुम्ही शेंगेनबाहेर पडलेलाच नसता. हंगेरीसाठी वेगळा व्हिसा लागतो, असं सांगणारे ट्रॅव्हल एजंट मला भेटले आहेत. त्यांचं ऐकू नका.

पण याचा अर्थ पासपोर्ट हॉटेलात ठेवून जायचं असा नाही. २०१५ पासून ऑस्ट्रियाने हंगेरीच्या सीमेवरची तपासणी तात्पुरती म्हणून सुरू केली आणि ती मुदतवाढ घेत चालूच आहे. एकदा हंगेरीतल्या शोप्रोन शहरातून परत येताना माझ्याकडे पासपोर्ट नव्हता, रहिवासी कार्डही घरी राहिलं होतं. आई-बाबांचे पासपोर्ट होते, माझाच नव्हता. पाऊण तास रस्त्याच्या कडेला उभं राहावं लागलं, आणि आईच्या चेहऱ्यावरची भीती मला अजून आठवते. चूक पूर्णपणे माझी होती. मोबाईलमधला फोटो चालत नाही.

सोबत ठेवा:

- मूळ पासपोर्ट, त्यावर वैध शेंगेन व्हिसा. युरोपात राहणाऱ्यांनी पासपोर्ट आणि रहिवासी कार्ड दोन्ही.
- प्रवास विम्याचा कागद. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचं संरक्षण लागतंच, तोच कागद जवळ असू द्या.
- मुक्कामाच्या आरक्षणाची प्रत.
- गाडी चालवणार असाल तर भारतीय परवाना आणि आंतरराष्ट्रीय परवाना.
- भाड्याची गाडी असेल तर ती हंगेरीत नेण्याची लेखी परवानगी. ही आधीच, गाडी घेताना मागायची.

व्हिसाचा अर्ज ज्या देशात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे करायचा. व्हिएन्नात चार रात्री आणि शोप्रोनला एक, तर ऑस्ट्रियाकडे.

## ४. पोचायचं कसं, राहायचं कुठे

व्हिएन्नाच्या मुख्य स्थानकावरून नॉयझीडल आम झे हे गाव रेल्वेने साधारण पाऊण तासावर आहे. तिथून एक छोटी रेल्वे तळ्याच्या पूर्वेकडून गोल्स, फ्राउएनकिर्शेन करत सीमेवरच्या पामहागेनपर्यंत आणि पुढे हंगेरीत जाते.

सापळा असा, की नकाशावर ही रेल्वे तळ्याच्या काठाने जाते असं वाटतं, पण पोडर्सडॉर्फ, इल्मिट्झ आणि आपेटलोन या तिन्ही महत्त्वाच्या गावांना स्टेशन नाही. तिथे बसने जावं लागतं. शनिवार-रविवारी बस कमी असतात. निघण्याआधी परतीच्या बसची वेळ लिहून घ्या.

मुक्काम इल्मिट्झला करा. हे मी आग्रहाने सांगते. पोडर्सडॉर्फला बोरूविना मोकळा किनारा आहे म्हणून गर्दी तिकडे जाते, पण पहाटे पाच वाजता चालत पक्ष्यांपर्यंत पोचायचं असेल तर इल्मिट्झ. घरगुती खोल्या भरपूर मिळतात, दारावर "त्सिमर फ्राय" अशी पाटी असते, म्हणजे खोली रिकामी आहे. एप्रिल-मेच्या शनिवार-रविवारसाठी महिना-दोन महिने आधी बोला. मुक्काम केलात की घरमालकाकडे पाहुण्यांच्या सवलत कार्डाची चौकशी जरूर करा.

## ५. सायकल की गाडी

सायकल. तळ्याभोवती बी-१० नावाचा मार्ग आहे, दोन देश मिळून सुमारे सव्वाशे किलोमीटर. पूर्व बाजू अगदी सपाट आहे, साठी ओलांडलेल्या माझ्या बाबांनीही ती सहज केली. सगळी फेरी करायची गरज नाही. वारा बहुतेक वेळा वायव्येकडून असतो, म्हणून नॉयझीडलहून दक्षिणेकडे इल्मिट्झला यायचं. उलट गेलात तर समोरचा वारा दमवतो.

म्योर्बिश आणि इल्मिट्झ यांच्यामध्ये उन्हाळी हंगामात सायकल नेणारी होडी चालते. तिने निम्मी फेरी वाचते. पण वादळ असलं किंवा पाणी फार कमी असलं की ती बंद असते, आणि मग दुसऱ्या काठाला जायला तळ्याला पूर्ण वळसा. सकाळी फोन करून विचारल्याशिवाय त्या होडीच्या भरवशावर दिवस आखू नका.

गाडीच आणणार असाल तर दोन गोष्टी. महामार्गासाठी दोन्ही देशांचे टोल परवाने वेगवेगळे घ्यावे लागतात. आणि दारू: ऑस्ट्रियात चालकाला थोडीशी मुभा आहे, हंगेरीत शून्य. दुपारी ऑस्ट्रियात घेतलेला वाइनचा एक पेला संध्याकाळी हंगेरीत गुन्हा ठरतो.

## ६. बघायचं काय

इल्मिट्झच्या माहिती केंद्रापासून सुरुवात करा. प्रवेश मोफत आहे, नकाशे मिळतात आणि आज कुठे काय दिसतंय ते तिथली माणसं सांगतात. मार्गदर्शकासोबतची फेरी विकत घ्यायची असते. पहिल्यांदा जात असाल तर ती घ्याच.

मग मोठ्या तळ्याकडे नाही, "लाके"कडे जा. लाके म्हणजे पूर्व काठावरच्या मैदानातली उथळ खाऱ्या पाण्याची तळी. १९ व्या शतकाच्या मध्यात अशी सुमारे १४० होती, आता ४० च्या आसपास उरली आहेत. कारण फक्त पाऊस कमी होणं हे नाही. जमिनीखालचं पाणी वर चढताना सोबत क्षार आणतं, आणि त्या क्षारांनीच तळ्याचा तळ घट्ट राहतो. शेतीसाठी चर खणून आणि उपसा करून भूजल खाली गेलं की क्षार वर येणं थांबतं, गोडं गवत शिरतं, आणि मग कितीही पाऊस पडला तरी ते तळं परत उभं राहत नाही. बाबांना हे ऐकून नाशिक जिल्ह्यातल्या विहिरी आठवल्या.

इल्मिट्झजवळच्या एका लाकेचं नावच "श्टिंकरझे" आहे, म्हणजे वासाचं तळं. तळाच्या गाळातून सडक्या अंड्यासारखा वास येतो. लोणारच्या काठी उभं राहिलेल्याला तो ओळखीचा वाटेल. त्या वासाला घाबरून मागे फिरू नका, पाणपक्षी तिथेच असतात. आपेटलोनजवळची लांगे लाके सर्वांत मोठी, आणि शरद ऋतूत हंस बघायला सगळ्यात चांगली.

मराठी पक्षीप्रेमींसाठी एक आनंदाची गोष्ट. इथले कितीतरी पक्षी आपल्या ओळखीचे आहेत. लांब गुलाबी पायांचा शेकाट्या, चमच्यासारख्या चोचीचा चमचा, जांभळा बगळा, मोठा बगळा, कलहंस. बाबा नांदूर मध्यमेश्वरला ज्यांना थंडीत भेटतात, त्या जातींना त्यांनी इथे पिल्लं घेऊन हिंडताना पाहिलं. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत.

पांढरा करकोचा बघायला पश्चिम काठावरच्या रुस्ट गावात जा. जुन्या घरांच्या धुराड्यांवर त्यांची घरटी आहेत, खालच्या चौकात बसून चोचींची टकटक ऐकू येते. मार्चअखेरीला येतात आणि ऑगस्टच्या उत्तरार्धात आफ्रिकेकडे निघतात. सप्टेंबरमध्ये गेलात तर रिकामी घरटी बघावी लागतील.

आणि माळढोक. सोलापूरजवळच्या नान्नजचा आपला माळढोक आता दुर्मीळ झाला आहे. त्याचा युरोपीय भाऊबंद पूर्वेच्या हान्शाग भागात, टाडटेन आणि आंडाउ गावांच्या शिवारात टिकून आहे. या जड पक्ष्याचा मोठा शत्रू म्हणजे विजेच्या तारा. उडताना त्या त्याला दिसत नाहीत. इथे काही ठिकाणी त्या तारा जमिनीखाली नेल्या. तिथे निरीक्षण मनोरा आहे. एप्रिलमध्ये नर पिसारा फुलवून पांढऱ्या चेंडूसारखा होतो, आणि ते लांबूनच बघायचं. साध्या दुर्बिणीतून ठिपका दिसतो, म्हणून मार्गदर्शकाची मोठी दुर्बीण इथे खरी उपयोगी पडते.

आंडाउजवळच कालव्यावर एक लाकडी पूल आहे. हंगेरीतल्या १९५६ च्या सोव्हिएतविरोधी उठावानंतर हजारो हंगेरियन लोक याच पुलावरून ऑस्ट्रियात पळून आले, आणि त्याच नोव्हेंबरमध्ये तो उडवून देण्यात आला. आताचा पूल १९९६ साली पुन्हा बांधलेला आहे.

वाटेत चिखलात बसलेल्या म्हशी दिसल्या तर दचकू नका. बोरू सगळीकडे पसरू नये म्हणून उद्यानाने म्हशी, लांब शिंगांची करडी गुरं आणि पांढरी गाढवं मुद्दाम चरायला ठेवली आहेत. माझ्या आईला अख्ख्या सहलीत सर्वांत आवडल्या त्या म्हशीच.

## ७. नियम, आणि ते का पाळायचे

उद्यानात शिरायला तिकीट नाही, कुंपणही फारसं नाही. त्यामुळे लोकांना वाटतं, कुठेही जाता येतं. तसं नाही. ऑस्ट्रियाच्या बाजूला जवळजवळ अर्धं उद्यान गाभा क्षेत्र आहे, तिथे माणसाने पाऊल टाकायचं नाही. इल्मिट्झच्या दक्षिणेला झांडेकचा मनोरा आहे, तिथून ते क्षेत्र बघायचं. बाकी ठिकाणी आखलेल्या वाटेवरच राहायचं. अनेक पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात आणि ती मातीच्याच रंगाची असतात. फोटोसाठी वाटेवरून दहा पावलं आत गेलेला माणूस अंड्यांवर पाय देतो आणि त्याला कळतही नाही. ड्रोन उडवायचा नाही. पक्ष्यांचे आवाज मोबाईलवर वाजवून त्यांना बोलवायचं नाही. आपले लोक मोठ्या गटाने येतात तेव्हा एवढं तरी सगळ्यांना आधी सांगा.

पाण्यात असाल आणि काठावरचे वादळाचे इशारादिवे लुकलुकू लागले, तर लगेच बाहेर या. तळं उथळ आहे म्हणून लोक बेफिकीर राहतात, पण इथलं वादळ काही मिनिटांत येतं.

गवतातून फिरून आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांत गोचीड शोधा. इथल्या गोचिडीपासून मेंदूज्वर होऊ शकतो. ऑस्ट्रियात राहणाऱ्यांनी त्याची लस घ्यावी. पाहुण्यांनी लांब विजार घालून ती मोज्यात खोचावी.

## ८. पलीकडे, हंगेरीत

म्योर्बिशच्या पुढे सीमा ओलांडली की फेर्तोराकोश. ही वाट फक्त पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी आहे. गाडीवाल्यांना नकाशा इकडे आणून सोडतो आणि मग मागे वळावं लागतं. वाटेला लागूनच रोमन काळातलं मिथ्र देवाचं देऊळ आहे, आणि गावात चुनखडीची प्रचंड जुनी खाण, आतून एखाद्या लेण्यासारखी. आमच्याकडच्या पाहुण्यांना तिथे वेरूळची आठवण होते.

त्याच शिवारात १९ ऑगस्ट १९८९ ला, सीमा अजून बंद असताना, सीमेवर एक सहभोजन ठरलं होतं. फाटक थोडा वेळ उघडलं, आणि सहाशेहून जास्त पूर्व जर्मन नागरिक त्यातून ऑस्ट्रियात धावत गेले. त्या वर्षी बर्लिनची भिंत पडण्याआधीची ही गोष्ट. आज तिथे स्मारक आणि मोकळं कुरण आहे. जिथे आता आपण सायकलने सहज जातो, तिथे काटेरी तार होती, हे मुलांना नक्की सांगा.

तळ्याची हंगेरीतली बाजू जवळजवळ सगळी बोरूची आहे, मोकळं पाणी बघायची अपेक्षा ठेवू नका. शारोद गावात उद्यानाचं मुख्यालय आहे, त्याचं नाव कोचागवार, म्हणजे बगळ्यांचा किल्ला. मोठा बगळा हे हंगेरीच्या निसर्ग संरक्षणाचं चिन्ह आहे आणि त्यांच्या पाच फोरिंटच्या नाण्यावरही तो आहे. जवळच फेर्तोदला एस्टरहाझी घराण्याचा राजवाडा, जिथे संगीतकार हायडनने अनेक वर्षं चाकरी केली.

पैसे: ऑस्ट्रियात युरो, हंगेरीत फोरिंट. एटीएम विचारतं, "युरोत हिशोब करू का?" नाही म्हणा, फोरिंटच निवडा, नाहीतर दर वाईट लागतो. रविवारी ऑस्ट्रियातली दुकानं बंद असतात, शनिवारी संध्याकाळीच पाणी आणि फळं घेऊन ठेवा.

## ९. शाकाहारी मंडळींसाठी

"फ्लाइश (मांस) नको" म्हटलं तरी डुकराची चरबी येऊ शकते, कारण ती मांस म्हणून मोजली जात नाही. "ओने फ्लाइश, ओने श्पेक, ओने श्माल्त्स" असं तिन्ही म्हणा, म्हणजे मांस, डुकराचं खारवलेलं मांस आणि डुकराची चरबी यांच्याशिवाय. पोगाचा नावाच्या छोट्या खारी बिस्किटासारख्या पावात बरेचदा चरबीचे तळलेले तुकडे घालतात, विचारल्याशिवाय घेऊ नका. खाण्यासारखं म्हणजे लिप्टाउअर, पापरिका (लाल मिरचीपूड) घातलेलं मऊ चीज, काळ्या पावावर; पण त्यात कधी कधी अँकोव्ही मासा असतो, म्हणून तेही विचारून घ्या. वाइन न घेणाऱ्यांनी द्राक्षाचा ताजा रस मागावा, हा सगळा द्राक्षबागांचाच मुलूख आहे.

## १०. तीन दिवसांचा आराखडा

पहिला दिवस: सकाळी व्हिएन्नाहून नॉयझीडल, तिथे सायकल, वाऱ्यासोबत पोडर्सडॉर्फ, संध्याकाळी इल्मिट्झ. दुसरा दिवस: पहाटे पाचला लाके, दुपारी झोप, संध्याकाळी झांडेकचा मनोरा. दुपारी फिरायचा हट्ट करू नका, उन्हात तापलेल्या हवेतून दुर्बिणीत सगळं थरथरतं आणि पक्षीही बसून असतात. तिसरा दिवस: होडीने म्योर्बिश, पुढे फेर्तोराकोश, आणि शोप्रोनहून रेल्वेने व्हिएन्ना, साधारण सव्वा तास. सायकल भाड्याची असेल तर ती दुसऱ्या देशात, दुसऱ्या गावात परत देता येते का ते पहिल्याच दिवशी विचारा. नाहीतर तिसऱ्या दिवशी म्योर्बिशहून परतीच्या होडीने इल्मिट्झला या, आणि शोप्रोन वेगळ्या दिवशी करा.

पिशवीत दुर्बीण, टोपी, डासांचं मलम, दोन लिटर पाणी, वारा अडवणारं जाकीट. मैदानात सावलीला झाड नाही. पासपोर्ट मोठ्या बॅगेत नको, अंगावरच्या खिशात ठेवा. परतीच्या गाडीत तो मागतात.